सोळा आण्यांचा हिशोब

आमच्याकडे अजूनही लोक 'आणेवारी किती निघाली?' असंच विचारतात. आणे बंद होऊन साठ वर्षांहून जास्त काळ लोटला. १९५७ मध्ये दशमान नाणी आली आणि सरकारी कागदावर आणेवारीची पैसेवारी झाली, पण बुलढाणा जिल्ह्यात घाटावर किंवा घाटाखाली कुठंही पारावर बसा, शब्द जुनाच ऐकू येईल. कल्पना सोपी आहे. भरघोस पीक म्हणजे रुपया, म्हणजेच सोळा आणे. यंदाचं पीक त्यातले किती आणे? या एका आकड्यावर गावाला दुष्काळी म्हणायचं की नाही, हे ठरत आलं.

मला हा शब्द पहिल्यांदा नीट कळला तो इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. ज्या गावाची अंतिम पैसेवारी ५० पैशांच्या आत असते, तिथल्या विद्यार्थ्यांची परीक्षा फी माफ होते. जमीन महसुलात सूट, सहकारी कर्जाचं पुनर्गठन, शेतीकर्जाच्या वसुलीला स्थगिती, कृषिपंपाच्या वीजबिलात सवलत, टँकर या यादीत ही फीमाफीही असते. आमच्या कॉलेजच्या ऑफिसात ही गोष्ट कुणाला ठाऊकच नव्हती. मी गावाच्या नावाखाली पेनाने रेघ मारून यादी दाखवली, तेव्हा समोरच्या माणसाने विचारलं, 'पण तू तर होस्टेलला राहतोस, तुझ्याकडे कसला दुष्काळ?' फी शेवटी भरावीच लागली. पण त्या निमित्ताने मी पैसेवारीबद्दल वाचायला लागलो आणि वाचता वाचता दीडशे वर्षं मागे गेलो.

मी सॉफ्टवेअर लिहितो. एखादी अट खरी की खोटी, एवढं तपासून पैसे द्यायचे की नाही हे ठरवणारा कोड लिहिणं हे माझं रोजचं काम. त्यामुळे मदतीच्या योजनांचा इतिहास वाचताना माझं लक्ष घोषणेकडे कमी आणि अटीकडे जास्त जातं. किती कोटी दिले, यापेक्षा कुणाला वगळलं ते जास्त बोलकं असतं.

सुरुवात इंग्रजांपासून करू. १८७६-७८ च्या दुष्काळात सरकारची मोठी काळजी भुकेची नव्हती, फुकट्यांची होती. सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरची मजुरी खाली आणली, मजुराला दिवसाला साधारण एक पौंड धान्य आणि वर थोडे पैसे. मुंबई इलाख्यात हजारो लोकांनी त्या मजुरीवर काम करायला नकार दिला. पुण्याची सार्वजनिक सभा, विशेषतः गणेश वासुदेव जोशी, म्हणजे आपले सार्वजनिक काका, त्यांच्या बाजूने उभे राहिले. नंतर १८८० च्या दुष्काळ आयोगातून फॅमिन कोड निघाले, म्हणजे दुष्काळ पडल्यावर कुणी काय करायचं याचे छापील नियम. त्यांच्या मुळाशी एक चाचणी होती. खरा गरजू कोण, हे ओळखायचं कसं? खडी फोडायला लावा. त्या मजुरीवर जो दगड फोडायला तयार, तो खरा. कागद नाही, साक्षीदार नाही, फक्त अंग. क्रूर चाचणी होती, पण एका बाबतीत स्वच्छ होती. तुमच्या नावावर किती एकर आहे, असं खडीच्या ढिगाऱ्याजवळ कुणी विचारत नव्हतं.

त्या काळी आमचा वऱ्हाड मुंबई इलाख्यात नव्हता. १८५३ च्या तहाने तो निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आला होता आणि कागदावर त्याचं नाव 'हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स' असं होतं. जमिनीची मोजणी मात्र मुंबईच्या रयतवारी पद्धतीनेच झाली. आणि इंग्रजांना वऱ्हाडातून हवा होता कापूस. १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो जलंब-खामगाव हा रेल्वेचा छोटा फाटा आणि खामगावची कापूस बाजारपेठ सुरू करायला स्वतः आले. आजही खामगावला उतरलात तर हा इतिहास स्टेशनापासूनच दिसायला लागतो. ज्वारीच्या रानात कपाशी आली आणि शेतकऱ्याच्या हातात रोकड आली. रोकडीबरोबर सावकारही आला. मग १८९९-१९०० चा दुष्काळ पडला. विक्रम संवत १९५६ चा म्हणून त्याला 'छपन्या' म्हणतात. पोटापुरती ज्वारी घरात असलेला आणि कापूस विकून ज्वारी घेणारा, अशा दोघांचा दुष्काळ सारखा नसतो, हे या भागाला तेव्हाच कळून चुकलं.

या साऱ्या काळातला मला सगळ्यात भिडलेला प्रसंग मात्र १८९६ चा आहे. त्या वर्षी मुंबई इलाख्यात दुष्काळ पडला, तेव्हा टिळकांनी 'केसरी'तून लोकांना सांगायला सुरुवात केली की फॅमिन कोड हा सरकारचाच कायदा आहे आणि त्यात तुमचे हक्क लिहिलेले आहेत. सार्वजनिक सभेने त्याचा मराठी अनुवाद वाटला आणि कार्यकर्ते खेडोपाडी पाठवले. पीक बुडालं असेल तर साऱ्याची सूट मागा, कर्ज काढून सारा भरू नका, एवढंच ते सांगत होते. म्हणजे आजच्या भाषेत, शासन निर्णयाची पीडीएफ वाचून व्हॉट्सअ‍ॅपवर समजावून सांगणारी मंडळी. ठाणे जिल्ह्यात अशाच एका कार्यकर्त्यावर, साठे यांच्यावर, खटला भरला गेला. पुढच्या वर्षी सरकारने सार्वजनिक सभेची मान्यताच काढून घेतली. नियम सरकारचेच होते, ते लोकांना कळणं हा गुन्हा ठरला.

आणेवारीची खरी लढाई १९१८ मध्ये गुजरातेत, खेड्याला झाली. पीक चार आण्यांच्या आत असेल तर सारा पूर्ण तहकूब, असा नियम होता. शेतकरी म्हणाले, चार आण्यांच्या आत आहे. अधिकारी म्हणाले, वर आहे. गांधीजी आणि त्यांचे सहकारी गावोगाव फिरून स्वतः पिकाचे अंदाज घेत बसले. सत्याग्रह म्हटलं की आपल्याला मोर्चे आठवतात, पण या सत्याग्रहाच्या मुळाशी मोजमापाचं भांडण होतं. त्या चौकोनात पीक किती आलं आणि तो चौकोन कुणी निवडला?

हे भांडण अजून मिटलेलं नाही. आजही गावाची समिती असते. पटवारी (आमच्याकडे तलाठ्याला पटवारीच म्हणतात), कृषी सहाय्यक, सरपंच, काही शेतकरी. ठरावीक मापाच्या तुकड्यातलं पीक कापून, वजन करून ते 'प्रमाण उत्पन्ना'शी ताडून पाहतात. विदर्भात खरिपाची पैसेवारी तीनदा जाहीर होते. सप्टेंबरअखेर नजरअंदाज, ऑक्टोबरअखेर सुधारित आणि डिसेंबरअखेर अंतिम. दरवर्षी पेपरात 'जिल्ह्याची पैसेवारी ५० पैशांच्या वर' अशी बातमी येते आणि दरवर्षी लोक अंतिम आकड्यावर चिडतात. हरकत मात्र घ्यावी लागते त्याच्या आधी, गावात यादी लागते तेव्हा. त्या दिवसांत सोयाबीनची सोंगणी आणि मळणी चाललेली असते.

स्वातंत्र्यानंतरचा एक अपवाद सांगायलाच हवा, कारण तो महाराष्ट्राचा आहे. १९७२ चा दुष्काळ. अमेरिकेतून आलेली लाल मिलो, कामावर मिळणारी सुकडी, पाझर तलाव आणि रस्त्यांवरची माणसांची रांग, हे सगळं आमच्या आजीच्या बोलण्यात इतक्या वेळा यायचं की मला ते स्वतः पाहिल्यासारखं वाटतं. वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये तासगाव तालुक्यात करून पाहिलेली कल्पना त्या दुष्काळात राज्यभर पसरली आणि रोजगार हमी कायदा २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. अट काय? गावातला प्रौढ माणूस, अंगमेहनतीचं काम करायला तयार. बस. इंग्रजांचीच खडी फोडण्याची चाचणी, पण उलटी फिरवलेली. तिथे ती तुम्हाला अडवायला होती, इथे ती सरकारला बांधून ठेवायला आली. काम मागितल्यापासून पंधरा दिवसांत काम द्यायचं, नाहीतर भत्ता. पुढे देशाच्या कायद्यातही हेच आलं. ज्यांना उपयोग होईल त्यांच्यासाठी लिहून ठेवतो. काम मागायचा अर्ज म्हणजे नमुना ४. तो दिल्याची तारखेसह पोच घ्यायची. पोच नसेल तर पंधरा दिवस कुठून मोजायचे, हाच वाद होतो आणि भत्ता बुडतो.

आता २००५. इथून पुढचं मला पुस्तकातून वाचावं लागलं नाही.

डिसेंबर २००५ मध्ये राज्य सरकारने विदर्भातल्या शेतकऱ्यांसाठी १,०७५ कोटींचं पॅकेज जाहीर केलं. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या कुटुंबाला १ लाख रुपये देण्याचे नियम याच हिवाळ्यात ठरले. त्यातले ३० हजार लगेच आणि ७० हजार पोस्टात किंवा बँकेत मासिक प्राप्तीसाठी ठेवायचे. १ जुलै २००६ रोजी पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले आणि सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज घोषित झालं. अमरावती, अकोला, यवतमाळ, वाशीम, वर्धा आणि बुलढाणा. आमच्या जिल्ह्याचं नाव देशभर ऐकू आलं ते असं. सदानंद देशमुखांच्या 'बारोमास'ला साहित्य अकादमी पुरस्कार मिळून तेव्हा फार दिवस झाले नव्हते. ते अमडापूरचे, म्हणजे आमच्याच जिल्ह्यातले. त्यामुळे शहरातल्या वाचणाऱ्यांना 'बुलढाण्यात काय चाललंय' हे अगदीच अपरिचित नव्हतं.

त्या एक लाखाची अट अशी होती. नापिकी, कर्जबाजारीपणा आणि वसुलीचा तगादा. कर्ज राष्ट्रीयीकृत बँकेचं, सहकारी संस्थेचं किंवा परवानाधारक सावकाराचं हवं. तहसीलदाराने चौकशी करायची, जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीने ठरवायचं. सातबारा, आठ-अ, पंचनामा, शवविच्छेदन अहवाल, कर्जाचा उतारा. मग यादीत नावापुढे तीनपैकी एक शब्द. पात्र, अपात्र, प्रलंबित.

माझे मोठे काका २००७ मध्ये गेले. त्यांनी स्वतःच जीव संपवला. मी तेव्हा दहा वर्षांचा होतो. सात एकर कोरडवाहू, त्यात कपाशी आणि सोयाबीन. काही महिन्यांनी कागद आला, त्यावर 'अपात्र' होतं. कारण एका ओळीचं, संस्थेचं कर्ज थकीत नाही.

ते खरंच थकीत नव्हतं. हे समजायला 'नवं-जुनं' हा शब्द माहीत हवा. गावच्या सोसायटीचं पीककर्ज मार्चअखेर फेडायचं असतं. फेडलं तर एप्रिलमध्ये नवं मिळतं आणि व्याजही कमी लागतं. पण मार्चमध्ये रोकड असते कुणाकडे? मग खाजगीत कुणाकडून तरी आठ-पंधरा दिवसांसाठी पैसे उचलायचे, शेकडा तीन-चार रुपये महिना व्याजाने, जुनं खातं बंद करायचं, नवं उचलायचं आणि त्यातून खाजगीवाल्याचे पैसे द्यायचे. वर्षानुवर्षं असं केलं की सोसायटीच्या वहीत तुम्ही आदर्श खातेदार ठरता आणि वहीबाहेर गळ्यापर्यंत बुडता. काकांचं वहीबाहेरचं देणं ज्याचं होतं, त्याच्याकडे परवाना नव्हता. शिवाय कृषी केंद्राची बियाण्या-खताची उधारी होती, तिलाही या यादीत जागा नव्हती. तिन्ही कारणं घरात हजर होती आणि त्यातलं एकही कागदावर नव्हतं.

पुढे २००८ ची केंद्राची कर्जमाफी आली. ३१ मार्च २००७ पर्यंत दिलेलं आणि ३१ डिसेंबर २००७ ला थकलेलं कर्ज माफ. २ हेक्टरपर्यंत पूर्ण, त्याहून जास्त जमीन असेल तर उरलेली रक्कम भरल्यावर सूट. २ हेक्टर म्हणजे पाच एकरांच्या आत. जिथे कालव्याचं पाणी आहे तिथे पाच एकर म्हणजे बागायतदार. आमच्याकडे सात एकरवाला मजुरीला जातो. त्यात घाटाखाली पूर्णेच्या काठचा खारपाणपट्टा, जिथे विहीर खणली तरी खारंच पाणी लागतं. विदर्भातून याबद्दल पुष्कळ आरडाओरड झाली, पुढे राज्याने पाच एकरांवरच्यांसाठी वेगळी सवलतही काढली. आमच्या घराला दोन्हींत काही मिळालं नाही. पुन्हा तेच, थकीत नाही.

आमच्या धंद्यात याला 'एज केस' म्हणतात. कोड लिहिणाऱ्याच्या डोक्यात न आलेला माणूस. पण 'नवं-जुनं' करणारे गावात अपवाद नव्हते. अर्ध्याहून जास्त गाव तेच करत होतं, आणि ते संस्थेच्या सचिवापासून वरच्या साहेबापर्यंत सगळ्यांना माहीत होतं. त्यामुळे हा शब्द इथे वापरायला मला जड जातं.

२०१७ च्या कर्जमाफीला मी इंजिनिअरिंगला होतो. छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना, दीड लाखापर्यंत माफी, अर्ज फक्त ऑनलाइन. सुट्टीत गावी गेलो तर सेतू केंद्राबाहेर रात्री अकरालाही रांग होती. नवरा-बायको दोघांचे आधार, दोघांची माहिती. कापूस वेचून वेचून बोटांवरच्या रेषा पुसट झालेल्या बाया पुन्हापुन्हा अंगठा टेकवत होत्या आणि मशीन नाही म्हणत होतं. मी चार रात्री तिथे फॉर्म भरत बसलो. दिवाळीच्या तोंडावर प्रमाणपत्रं वाटली गेली, मग बँकांच्या याद्या आणि पोर्टलच्या याद्या जुळेनात म्हणून सगळं रखडलं. दोन वर्षांनी आलेल्या महात्मा जोतिराव फुले कर्जमुक्ती योजनेत अर्जच ठेवला नाही. बँकेने यादी द्यायची, शेतकऱ्याने विशिष्ट क्रमांक घेऊन अंगठा लावायचा. मागच्या वेळच्या चुकीतून सरकार शिकलं, असं म्हणता येईल अशी ही एक दुर्मीळ जागा आहे. अट मात्र तीच, थकीत.

याच योजनेला एक शेपूट होतं. नियमित फेडणाऱ्यांना ५० हजारांपर्यंत प्रोत्साहन. ते २०२२ मध्ये वाटलं गेलं. काकांच्या मागे खातं काकूच्या नावावर आलं होतं आणि तीही दर मार्चला नवं-जुनं करत आली होती. तिला ते पैसे मिळाले. नवऱ्याला ज्या स्वच्छ खात्याने अपात्र ठरवलं, त्याच स्वच्छ खात्याने पंधरा वर्षांनी तिला प्रामाणिक शेतकरी ठरवलं. तिने मेसेज मला वाचायला दिला, म्हणाली, 'बाबू, हे खरंच आपलंच नाव हाय ना?' मी हो म्हणालो. तिने त्या पैशांतून न्हाणीघर बांधलं.

आता थोडं आजचं, कारण हे वाचणाऱ्या अनेकांच्या घरी हा फोन येतोच. पीएम किसानचे वर्षाला ६ हजार १ फेब्रुवारी २०१९ च्या नोंदीवर चालतात, म्हणजे त्या दिवशी जमीन नावावर हवी. तिथे 'कुटुंब' म्हणजे नवरा, बायको आणि अज्ञान मुलं. पुण्यात नोकरी करणारा मुलगा इन्कम टॅक्स भरतो म्हणून आई-बाप आपोआप बाद होत नाहीत. आमच्या गावात दोघांनी या गैरसमजापायी अर्जच केला नव्हता. अतिवृष्टीची मदत मंडळनिहाय पावसावर सुरू होते, चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर. पण पर्जन्यमापक मंडळात एके ठिकाणी असतो आणि ढग कुठेही फुटतो, म्हणून शेतातल्या पाण्याचे फोटो त्याच दिवशी काढा आणि पंचनाम्याची लेखी मागणी करा. नुकसान किमान ३३ टक्के हवं. २०१५ पर्यंत ही अट ५० टक्के होती. पंचनामा झाला की यादीत विशिष्ट क्रमांक येतो, लोक त्याला 'व्हीके नंबर' म्हणतात. केवायसी झाली नाही तर मंजूर झालेले पैसेही खात्यात येत नाहीत. आणि 'अपात्र' असं कुणी तोंडी सांगितलं तर कारण लेखी मागा. आत्महत्येच्या प्रकरणातसुद्धा फेरचौकशीचा अर्ज करता येतो. हे आम्हाला २००७ मध्ये कुणी सांगितलं नव्हतं.

बटईने किंवा ठोक्याने शेत करणाऱ्याचं काय, असं विचाराल तर त्याच्यासाठी या यादीत जवळजवळ काहीच नाही. पेरतो तो, बुडतो तो, आणि नुकसानभरपाई सातबारावरच्या नावाला जाते. मालक भला असेल तर अर्धे देतो. १८९९ च्या खडीच्या ढिगाऱ्यावर तो निदान मोजला गेला असता.

दुष्काळ ठरवायची पद्धतही आता बदलली आहे. २०१६ च्या केंद्राच्या संहितेनंतर पावसातला खंड, उपग्रहावरून दिसणारी हिरवाई, जमिनीतली ओल असे निर्देशांक आले. २०२३ मध्ये राज्यातल्या ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला, त्यात आमच्या जिल्ह्यातले बुलढाणा आणि लोणार हे दोनच होते. मला उपग्रहाबद्दल तक्रार नाही, उलट तो चौकोन निवडताना कुणाच्या ओळखीचा बांध पाहत नाही. पण त्याच्यावर हरकत कुठे घ्यायची, हे गावातल्या कुणालाच सांगता येत नाही. पटवाऱ्याशी निदान भांडता यायचं.

सध्या आमच्या घरात एक कागद अडकलाय. काकूच्या सातबारावर तिच्यासोबत दोन मुलांची नावं आहेत, म्हणजे सामायिक खातं. अतिवृष्टीची मदत एकाच खात्यावर घ्यायची तर बाकीच्यांचं संमतीपत्र लागतं. एक भाऊ सुरतेला असतो. त्याने सही करून फोटो पाठवला, तर पटवारी म्हणाले मूळ कागद पाहिजे. म्हणून तो आता स्पीड पोस्टाने येतोय. काल ट्रॅकिंग पाहिलं, भुसावळपर्यंत आलाय.